टाळेबंदीतली वाकळ

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. कोथरूडच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या दिवशी चार माणसं होती. नवरा-बायको, त्यांची तिशीतली मुलगी आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माण तालुक्यातून भावाकडे आलेली आत्या. डोळा बरा झाला होता, पण जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या आणि एसटी उभी होती. आत्याचं सगळं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवण्यात गेलेलं. भाची वस्त्रकलेचं शिक्षण घेतलेली. कटिंग मॅट, फिरत्या पात्याचा कटर आणि रंगांप्रमाणे लावून ठेवलेले सुती कापडाचे तुकडे असा तिचा संसार एका खोलीत मांडलेला. दोघीही शिवणाऱ्या. आत्या जिला वाकळ म्हणते, तिला भाची क्विल्ट म्हणते. पुढचे पाच महिने त्या एकाच घरात होत्या, पावसाळ्यापर्यंत एकाच जमिनीवर बसून शिवत होत्या आणि जवळपास रोज भांडत होत्या.

भांडणाची सुरुवात भाचीच्या एका उत्साही वाक्यानं झाली. "आत्या, पहिल्यांदाच लोकांना निवांत वेळ मिळालाय. जगभर लोक सुई-दोरा घेऊन बसलेत. अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्या बायका संगणकावर एकमेकींना बघत एकत्र शिवतायत. मन शांत राहतं गं. बातम्या ऐकून जीव घाबरा होतो, तेव्हा टाका घालत बसलं की श्वास जागेवर येतो."

"वेळ कुणाला मिळालाय?" आत्यानं विचारलं. "धुण्याभांड्याची बाई यायची थांबली. घरात चार माणसं, तीन वेळचं खाणं, दोन वेळचा चहा, वर दाराशी आणलेली भाजी धुवायची ती वेगळी. तुझी आई दुपारी तीनच्या आत कधी टेकलेली पाहिलीस? मला तुम्ही ओट्याशी येऊ देत नाही म्हणून मी मोकळी, आणि तुझं काम संगणकावर म्हणून तू थोडी मोकळी. लोकांना वेळ मिळाला म्हणू नकोस."

आकडे आत्याच्या बाजूचे होते, फक्त ते यायला सप्टेंबर उजाडला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर माणसं दिवसाचा वेळ कशी घालवतात याची पाहणी केली होती. तिचा अहवाल टाळेबंदीच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये आला. त्यानुसार आपल्याच घरचं बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. मुळात सहा वर्षांवरच्या पुरुषांत असं काम करणारे शंभरात सव्वीस, बायका एक्क्याऐंशी. हे साध्या, महामारी नसलेल्या वर्षाचं चित्र आहे. टाळेबंदीत शिवणाला फुरसत मिळाली असं सरसकट म्हणताना ही पाच तासांची वजाबाकी आधी करायला हवी.

एक गोष्ट मात्र जुळून आली होती. वाकळीचा हंगाम उन्हाळाच. ज्वारीची काढणी झालेली, पाऊस लांब, जमीन कोरडी, अंगणात किंवा सोप्यात ऐसपैस पसरायला जागा. चैत्र-वैशाखात दुपारी चौघी चार बाजूंना बसायच्या आणि पावसाच्या आत पांघरुणं तयार व्हायची. आत्याच्या हातांना तो हंगाम आपोआप आठवला. पुण्याच्या दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लागला.

कापडाचा प्रश्न लगेच आला. भाचीनं मागवलेलं कापड वाटेत कुठंतरी अडकलेलं, दुकानांना कुलपं. आत्या सरळ कपाटाकडे गेली. "बोहारीण येत नाही ना? मग जुनेर असणारच."

होतंच. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतले जुने कपडे दर काही महिन्यांनी बोहारणीकडे जातात आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं किंवा डबा घरात येतो. बोहारीण ते कपडे निवडून, दुरुस्त करून जुन्या कपड्यांच्या बाजारात विकते. न विकल्या जाणाऱ्या चिंध्याही कुठं ना कुठं कामाला येतात. टाळेबंदीत ही साखळी एका दिवसात तुटली. घराघरांत गाठोडी साचत होती आणि ज्यांचं पोट त्या गाठोड्यांवर होतं, त्यांना इमारतीच्या फाटकातून आत यायची मनाई होती. आत्यानं गाठोडं सोडताना हे बोलून दाखवलं आणि भाचीला त्यावर काही बोलता आलं नाही.

मग निवड सुरू झाली. नायलॉनच्या साड्या आत्यानं बाजूला टाकल्या. "ही आत घातलीस तर सरकते, घाम टिपत नाही, आणि ऊबही येत नाही." वापरून विरलेली सुती साडी मऊ असते, तिच्या सहा-सात घड्यांतून सुई सहज जाते. खळ असलेलं नवं कापड सुईला अडवतं. पांघरुणाची ऊब येते ती कापडाच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. म्हणून एका जाड कापडापेक्षा विरलेल्या कापडांचे अनेक पदर चांगले. भाचीला हे शिक्षणातून ठाऊक होतं, आत्याला माणच्या थंडीतून.

वाकळ भरायची रीत अशी. खाली अस्तर ताणून पसरायचं आणि कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. आत्यानं पाटा, वरवंटा आणि शब्दकोशाचे दोन खंड ठेवले. त्यावर साड्यांचे, धोतरांचे पदर एकेक करून अंथरायचे. दर पदराला तळहातानं मधून कडेकडे सुरकुती काढत जायचं. आत राहिलेली एक सुरकुती पुढं दहा वर्षं पाठीला टोचते. मग वरचं चांगलं कापड, कडेनं गोट, लांब लांब टाक्यांनी टाचण. त्यानंतर खरा धावदोरा. कडेपासून सुरुवात करून, चौकोनात चौकोन घेत, मधोमध पोचायचं. एका वेळी सुईवर चार-पाच टाके भरायचे आणि मग दोरा ओढायचा. डाव्या हाताचं बोट वाकळीच्या खाली असतं आणि सुईचं टोक त्या बोटाला लागलं की टाका खालपर्यंत गेला असं समजायचं. त्या बोटाचं कातडं महिनाभरात राठ होतं. सुईत दोरा ओवायचं काम भाचीकडे आलं. जाड दोरा संपल्यावर शिलाईयंत्राच्या रिळातला साधा दोरा चौपदरी घ्यावा लागला, तो सारखा गुंतायचा. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता गॅलरीत लावलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे उरले होते. आत्या दोरा त्यांच्यावरून ओढून घ्यायची. मेण लागलेला दोरा गुंतत नाही.

वरच्या कापडावरून मोठं भांडण झालं. भाचीला आखणी हवी होती, कागदावर रंगांचा तक्ता हवा होता. "वाकळीला कसली आखणी?" आत्या म्हणाली. "जे असेल ते लावायचं. थंडी वाजते म्हणून शिवतात, भिंतीवर लावायला नाही."

भाचीनं दोन दिवस फक्त पाहिलं. आत्यानं लाल खणाचा एक तुकडा आधी मधोमध ठेवला. उचलून कोपऱ्यात ठेवला. संध्याकाळी तो तिसऱ्याच ठिकाणी, एका हिरव्या पट्टीला खेटून गेला आणि समोरच्या कोपऱ्यात त्याच लालाचा छोटा त्रिकोण आला.

"आत्या, हीच आखणी. तू डोळ्यानं केलीस, मी कागदावर करते. थंडीसाठीच शिवायचं असतं तर तो तुकडा पहिल्या जागी राहिला असता."

आत्या या मुद्द्यावर गप्प राहिली. भाची इथं बरोबर होती, आणि तिचं म्हणणं या एका घरापुरतं नव्हतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. कडेपासून आत शिवत येतात आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. फुलांमुळे कवंदी काही जास्त उबदार होत नाही, तरी फुलांशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर, म्हणजे वाकळींवरच, मुंबईच्या क्विल्टकार गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत पुस्तक केलं, ते २०१३ साली फ्रान्समधल्या क्विल्टमॅनिया या प्रकाशनानं छापलं. भाचीनं ते आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्यानं चष्मा लावून पानन् पान पाहिलं, काही टाके बोटांनी मोजले. "आमच्या घरातली वाकळ बघायला फ्रान्समधनं पुस्तक यावं लागलं," ती म्हणाली, आणि हे तिला खरंच लागलेलं होतं.

मग भाचीनं आपलं सगळ्यात मोठं उदाहरण काढलं, अलाबामातलं जीज बेंड. नदीच्या वळणातलं काळ्या लोकांचं गरीब गाव, गुलामगिरीतून आलेल्या घराण्यांचं. तिथल्या बायकांनी शेतात झिजलेल्या डेनिमच्या विजारी, सदरे, पिठाच्या पिशव्या फाडून क्विल्ट शिवल्या, कारण लाकडी घरांच्या फटींतून वारा यायचा. २००२ साली त्या क्विल्ट ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि पुढं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. "थंडीसाठीच शिवल्या होत्या ना त्या? मग कला नव्हती का ती? आणि आत्या, कला म्हटल्याशिवाय पैसे कोण देतं?"

"आणि कला म्हटल्यावर पैसे शिवणारीला मिळतात का?" आत्यानं विचारलं.

प्रश्न नेमक्या जागी लागला. २००७ साली जीज बेंडच्या काही बायकांनी आपल्या कामाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून कोर्टात दावे लावले होते. पुढच्या वर्षी ते मिटले. संग्रहालयाच्या भिंतीपर्यंतची वाट लांब असते आणि मधल्या टप्प्यांवर बरेच हात असतात. तरीही भाचीची बाजू पूर्ण सोडता येत नाही. त्या भिंतीशिवाय या गावाकडे अमेरिकेनं वळून पाहिलं नसतं आणि दावा लावण्याइतकी त्या क्विल्टची किंमतही झाली नसती.

एप्रिलमध्ये वाकळ काही दिवस बाजूला पडली. मार्चच्या अखेरीस केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं घरच्या घरी मास्क कसा शिवायचा याची पुस्तिका काढली. ८ एप्रिलपासून मुंबईत सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा झाला आणि इतर शहरांतही तेच होत गेलं. भाचीनं आपले रंगवार लावलेले सुती तुकडे बाहेर काढले आणि इमारतीतल्या सुरक्षारक्षकांसाठी, कचरा नेणाऱ्यांसाठी, कोपऱ्यावरच्या औषध दुकानातल्या मुलांसाठी मास्क शिवले. क्विल्टचं घट्ट विणीचं सुती कापड या कामाला उत्तम. अमेरिकेतही हेच झालं होतं. तिथं बाजारातलं इलॅस्टिक संपलं तेव्हा लोकांनी कापडाचे बंद लावले. जीज बेंडच्या काही बायकांनी गावासाठी मास्क शिवले. सॅन फ्रान्सिस्कोजवळ गर्ट मॅकमुलिन यांनी शिवलेल्या मास्कांचं कापड तर आणखी वेगळ्या ठिकाणाहून आलं होतं. एड्सनं मेलेल्यांच्या स्मरणार्थ १९८७ पासून शिवल्या जाणाऱ्या प्रचंड क्विल्टसाठी जमवलेल्या कापडातलं ते उरलेलं कापड होतं. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या हिरवळीवर ही क्विल्ट पहिल्यांदा अंथरली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढा. एका महामारीच्या दुःखाचं कापड दुसऱ्या महामारीत जिवंत माणसांच्या तोंडावर गेलं. सुईकामाला नुसता विरंगुळा म्हणणाऱ्यानं ही एक गोष्ट जरूर ऐकावी.

"बघ," भाची म्हणाली, "शिवता येणाऱ्यांनीच पहिले दोन महिने निभावले."

"निभावले, खरंय. पण तू फुकट शिवलेस, तुला परवडलं. आमच्याकडे म्हसवडला, दहिवडीला बचत गटातल्या बायकांनी शिवले, ते नगावर पैसे घेऊन. घरातल्या माणसाचा रोज बुडालेला, शेळीचा बाजार बंद. त्या चार पैशांवर घर चाललं. त्यांनी फुकट शिवले नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी नाही."

महाराष्ट्रात 'उमेद' अभियानातल्या महिला बचत गटांनी त्या उन्हाळ्यात गावोगाव मास्क शिवले. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनशी जोडलेल्या बायकाही त्यात होत्या. टाळेबंदीतल्या शिवणाच्या कौतुकात हौसेनं शिवणाऱ्यांचे फोटो जास्त आले आणि नगावर शिवणाऱ्यांचे कमी, हे खरं आहे आणि ते चुकीचं झालं.

मे महिन्यात वाकळ पुन्हा पसरली. गाठोड्याच्या तळाशी एक हिरवी इरकली नऊवारी निघाली, भाचीच्या आजीची, म्हणजे आत्याच्या आईची. भाचीला ती जपून, काचेत लावायची होती. आत्यानं तिची घडी घालून ती मधल्या पदरात अंथरली. "वर ठेवलीस तर झिजेल. आत राहू दे, तिच्यापेक्षा मऊ दुसरं काही नाही यात." भाचीचे डोळे भरून आले. काचेची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.

त्या साडीवरूनच आत्यानं १९७२ काढलं. दुष्काळात माणमधल्या विहिरी आटल्या, गुरं गेली, आणि तिची आई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आत्या तेव्हा वीस वर्षांची. "दिवसभर खडी फोडायची, तिचे पैसे आठवड्याला मिळायचे, कमी असतील पण मिळायचे. रात्री चिमणीच्या उजेडात वाकळ शिवायची, तिचा कुणी हिशोब केला नाही. हात तेच होते गं. दगड फोडला तर मजुरी, पांघरूण शिवलं तर बायकी काम. तू त्याला निवांत वेळेतलं काम म्हणालीस ना, म्हणून मला लागलं."

भाची थोडा वेळ थांबून म्हणाली, "मी माझ्यापुरतं म्हणाले. मला खरंच त्यानं धीर आला. एप्रिलमध्ये मला झोप लागत नव्हती आत्या. तू सुरकुत्या काढायला बसवायचीस, त्या रात्री लागायची."

"ते मला दिसत होतं. म्हणून तर रोज बसवत होते." आत्याची आई दुष्काळात शिवायची तेव्हा तिलाही त्यातून धीर मिळत असेल का, हे भाचीनं विचारलं. आत्या म्हणाली, मिळत असेल, कारण शिवताना ती गुणगुणायची आणि खडीवर कधी गुणगुणलेली नाही. दोघींच्या पाच महिन्यांच्या भांडणात या एका ठिकाणी दोघींचं म्हणणं एक झालं.

जूनच्या पहिल्या पावसाआधी वाकळ मधोमध पोचली. आत्यानं शेवटची गाठ आतल्या पदरात दडवली आणि कागद-पेन्सिल मागवली. गणिताच्या बाईंनी मांडलेला हिशोब असा. दोघीजणी, दुपारचे दोन तास, सुमारे साठ दिवस. म्हणजे २४० तास, आठ तासांचा एक दिवस धरला तर तीस दिवस. त्यातला निम्मा वेळ शिकवण्यात, ओवण्यात आणि वादात गेला, तो वजा. सरावलेल्या हाताचे उरले पंधरा दिवस. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून दिवसाला २३८ रुपये होती. पंधरा गुणिले २३८, बरोबर ३,५७० रुपये. यात कापड नाही, दोरा नाही, रंग जुळवणाऱ्या नजरेचे पैसे नाहीत. खडी फोडण्यासारख्या कामाला सरकार त्या वर्षी जो दर देत होतं, तेवढाच फक्त धरला आहे.

भाचीनं कागदाखाली आपली एक ओळ घातली, 'रचनेचे वेगळे'. आत्यानं ती खोडली नाही.

२० ऑगस्टला एसटीची आंतरजिल्हा वाहतूक सुरू झाली आणि आत्या गावी गेली. वाकळ पुण्यात राहिली. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी पांघरुणं धुवायची रीत आहे, तेव्हा तीही धुतली गेली. भिजल्यावर ती उचलायला दोन माणसं लागली.

भाची आता गोधड्या शिवून घेते आणि किंमत सांगताना आधी तासांचा हिशोब गिऱ्हाइकापुढं ठेवते. काहीजण तो वाचून निघून जातात, काही थांबतात. प्रदर्शनात, रस्त्याच्या कडेला किंवा गावाकडे ओळखीच्या बाईकडून तुम्ही हातशिलाईची गोधडी घेणार असाल, तर भाव करण्याआधी एवढं विचारा: किती दिवस लागले? उत्तराला आजच्या दिवसाच्या मजुरीनं गुणा आणि त्याच्या खाली मागू नका. साड्या देऊन शिवून घेणार असाल, तर सुती साड्या द्या, दोऱ्याचे पैसे आधी द्या.